रॅम्पवरचा पहिला रिपोर्ट

गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावर ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली आणि आमच्या पेडण्याची बरीच पोरं ग्राउंड हँडलिंगला, म्हणजे रॅम्पवर उभ्या विमानाभोवतीच्या कामाला लागली. त्यातलाच मी एक. नव्या पोराला बेल्ट लोडर, म्हणजे सामान विमानात चढवणारी पट्ट्याची गाडी, लावायला कोणीही शिकवतं. सेफ्टी रिपोर्ट लिहायला मात्र मी स्वतःच्या फजितीतून शिकलो.

जुलैतली रात्र, पठारावरचा आडवा पाऊस. होल्डच्या, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेच्या, दाराला लोडर लावला, ब्रेक ओढला, खाली उतरलो आणि लोडर सरकला. फूटभर असेल. बेल्टचं टोक दाराच्या चौकटीपासून चार बोटांवर थांबलं. जोडीदार म्हणाला, "लागूंक ना मरे? मागीर ओगी राव." (लागलं नाही ना? मग गप्प राहा.)

विमानाला खरंच काही लागलं, तर फॉर्मबिर्म नंतर. विमान हलायच्या आत इंजिनिअरला सांगायचं, ते बंधनकारकच आहे. इंजिनाच्या आवरणासारख्या कंपोझिट भागावर वरून नुसता ओरखडा दिसतो आणि आतले थर सुटलेले असू शकतात. ऐच्छिक रिपोर्ट असतो तो न लागलेल्याचा, त्या चार बोटांचा.

दोन दिवस कुढलो, मग लिहिला. "माझ्या निष्काळजीपणामुळे लोडर सरकला, पुन्हा होणार नाही, क्षमस्व." शाळेतला माफीनामाच! सेफ्टीच्या मॅडमनी बोलावलं. (नाव घातलं होतं मी. न घालताही चालतं, पण मग उलट विचारणार कोणाला?) त्यांनी ओरडा दिला नाही, एकच विचारलं: चाकाखाली चोक (गाडी सरकू नये म्हणून लावायचे अडसर) का नव्हते? कारण त्या शिफ्टला लोडर तीन आणि चोकच्या जोड्या दोन. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की लिहावं असं सुचलंच नाही. क्षमा मागण्याच्या नादात कामाची तेवढी गोष्ट राहिली.

थोडक्यात टळलेलं न कळवलं तर काय होतं? १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनकडे येणारं टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं ५१४ नंबरचं विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. सहाएक आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान तिथेच तसंच खाली आलं होतं, थोडक्यात वाचलं. वैमानिकांनी आपल्या कंपनीत कळवलं. टीडब्ल्यूएपर्यंत ते पोचलंच नाही. मग १९७६ मध्ये अमेरिकेत रिपोर्ट गोळा करायचं काम नासाकडे आलं, म्हणजे दंड करणाऱ्याच्या हाती ते थेट पडू नयेत.

रिपोर्ट केला की सगळं माफ, असं मात्र धरून चालू नका. पिऊन ड्यूटीवर आलात किंवा मुद्दाम नियम मोडलात, तर तो फॉर्म तुम्हाला वाचवणार नाही.

लिहायचं त्याच शिफ्टला. वेळ, बे नंबर (विमान उभं असतं त्या जागेचा), लोडरचा नंबर, पाऊस किती, उजेड किती, माणसं किती. "बहुतेक"वाल्या गोष्टी वेगळ्या ओळीत. मी रेनकोटच्या आतल्या खिशात छोटी वही ठेवतो आणि तिच्यासोबत पेन्सिल. ओलसर कागदावर बॉलपेन चालत नाही.