हिवाळ्यात सारस काय खातो, हे कसे टिपावे

गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या परिसरात, धानाची कापणी झाली की सारसांच्या जोड्या सकाळी मोकळ्या बांध्यांत (धानाच्या खाचरांत) उतरून सांडलेले दाणे टिपू लागतात. निरीक्षण करू इच्छिणाऱ्याने आदल्या दिवशीच शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि उजाडण्यापूर्वी दूरच्या धुऱ्याआड (शेताच्या बांधाआड) दुर्बीण घेऊन बसावे. दोन्ही पक्ष्यांनी खाणे थांबवून एकदम माना वर केल्या, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे.

नजर चोचीवर ठेवावी. दाणे वेचताना ती जमिनीलगत भराभर चालते. तलावाकाठी कंद उकरताना मात्र ती चिखलात खोल खुपसली जाते आणि बाहेर येते तेव्हा काळ्या गाळाने माखलेली असते. गोगलगाय किंवा बेडूक गिळताना मान क्षणभर उंचावते. प्रत्येक नोंदीत वेळ, जागा आणि पाण्याची खोली लिहावी.

पक्षी जवळ यावेत म्हणून धान्य टाकण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्यामुळे नोंदच निरर्थक ठरते. त्या बांधीत अलीकडे कोणते औषध फवारले होते, हेही शेतकऱ्याला विचारून वहीत टिपावे.