विरळ कुरणावर गवताचे बी फोकताना या चुका टाळा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, मुरमाड माळावरचे गवत विरळ झाले की बी विकत आणून फोकण्याचा विचार सर्वांत आधी सुचतो. मात्र गवत का विरळ झाले, हे पाहिल्याशिवाय पैसे खर्चू नयेत. मारवेल, पवना, डोंगरी या चाऱ्याच्या चांगल्या गवतांचे ठोंब जिवंत असून केवळ जनावरांनी बुडापर्यंत कुरतडलेले असतील, तर एक पावसाळा चराई बंद ठेवल्यास ते पुन्हा फुटतात आणि स्वतःच बी गाळतात. ठोंबांच्या मध्ये उघडा मुरूम दिसत असेल किंवा कुसळीच (टोचऱ्या कुसांचे हलके गवत) उरली असेल, तरच वरून बी टाकण्याला अर्थ आहे.

बियाण्याच्या खरेदीत फसगत ठरलेली. गवताचे बी फुगीर असते आणि पोत्यात भुसाच अधिक भरतो. चिमूटभर बी तळहातावर चोळून फुंकर मारावी. कूस उडून गेल्यावर बारीक, टणक दाणे हाताला लागले पाहिजेत. दिवाळीच्या सुमारास गोळा केलेले अंजन किंवा मारवेल गवताचे बी सुप्तावस्थेत असल्यामुळे लगेच नीट उगवत नाही, म्हणून ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरड्या जागी ठेवावे. स्टायलो या शेंगवर्गीय चारापिकाच्या बियांचे कवच कठीण असते. ते बी ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ४ ते ५ मिनिटे बुडवून नंतर रात्रभर थंड पाण्यात भिजवावे. उकळते पाणी ओतून तसेच ठेवल्यास बी शिजते.

सर्वाधिक बी वाया जाते ते मातीला न टेकल्यामुळे. वाळलेल्या गवताच्या थरावर पडलेला दाणा पहिल्या सरीने भिजतो, कोंब काढतो आणि मुळाला माती न सापडल्याने दोन दिवसांच्या उन्हात करपतो. त्यासाठी मे महिन्यात जुने गवत कापून किंवा जनावरांना चारून जमीन मोकळी करावी आणि उताराला आडव्या, दीड-दोन फुटांच्या अंतराने उथळ रेघा ओढाव्यात. संपूर्ण माळ नांगरण्याचा मोह टाळावा, कारण उरलेले चांगले ठोंबही उपटले जातात आणि पातळ माती पहिल्याच जोराच्या पावसात ओढ्याला लागते. बी ओलसर मातीत मिसळून रेघांत टाकावे आणि वरून बाभळीची फांदी ओढावी. एक-दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक माती चढल्यास बारीक बियांचा कोंब वर येत नाही.

वळिवाच्या सरीवर विसंबून पेरणी करू नये; पुढे आठवडाभर ऊन पडले की उगवलेले सारे जाते, आणि जे उगवत नाही ते मुंग्या वारुळाकडे नेतात. मृगानंतर पाऊस स्थिरावून जमीन वीतभर ओली झाल्यावरच बी टाकावे. त्याच वेळी युरिया देणे हीदेखील चूकच, कारण त्यावर जुने गवत आणि तण माजते व रोपे सावलीत दबतात.

चराईचा प्रश्न मात्र खताइतका सोपा नाही. धनगरांचे कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर याच माळांवर परततात, म्हणजे कोवळी रोपे आणि मेंढ्या एकाच वेळी माळावर येतात. नुसता फलक लावून कोणी थांबत नाही, आणि थांबावे तरी का, त्यांनाही चारा हवाच असतो. गायरान असेल तर ग्रामपंचायतीत मेंढपाळांसह आधीच बसून माळाचे भाग पाडावेत आणि एक भाग बंद ठेवून उरलेले खुले ठेवावेत.

तरीही उगवण दिसली नाही, तर लगेच दुसरे पोते आणू नये. रेघेतली माती हलकेच उकरावी. दाणे टणक व कोरडे असतील तर ओल कमी पडली आहे, कुजलेले असतील तर बी खोल गेले किंवा पाणी साचले, आणि दाणेच नसतील तर मुंग्यांनी नेले किंवा ते वाहून गेले. उगवून ऑगस्टच्या उघडिपीत मेलेली रोपे मात्र उपटून मूळ तपासावे. ते वरच्या थरातच आडवे पसरले असेल, तर खाली कडक थर आहे. अशा जागी पुन्हा बी टाकण्याआधी उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे समतल चर खोदून पाणी मुरवावे लागते. जी रोपे टिकली असतील, त्यांचे बी पिकून गळेपर्यंत विळा लावू नये, आणि नंतरही बुडाशी चार बोटे ठोंब राखूनच कापणी करावी.