ग्रीक नाटकं वाचायची कुठून?

नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी नको तो शहाणपणा केला. ग्रीक नाटकं कालक्रमाने वाचायची ठरवली आणि एस्किलसचं 'अगामेम्नॉन' उघडलं. छपरावर बसून कंटाळलेला पहारेकरी आवडला. मग कोरस, म्हणजे नाटकात गाणारा समूह, आला तो जायचं नाव घेईना. पुस्तक मिटलं, ते सहा महिने उघडलंच नाही.

तुम्ही असं करू नका. एकच प्रसंग धरा आणि तो एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघा नाटककारांकडे कसा येतो ते बघा.

अगामेम्नॉनला त्याच्या बायकोने मारलंय. मुलगी इलेक्ट्रा घरातच कुढतेय. परमुलखात वाढलेला भाऊ ऑरेस्टीस सूड घ्यायला परत येतो. इतक्या वर्षांनी बहीण त्याला ओळखणार कशी? या एका कथेवरची तिघांचीही नाटकं आपल्या हाती आहेत, हे नशीबच. सोफोक्लीसने 120 च्या आसपास नाटकं लिहिली, पूर्ण उरली ती फक्त सात!

एस्किलसच्या 'ऑरेस्टीया' या त्रयीतल्या (इ.स.पू. 458) दुसऱ्या नाटकात इलेक्ट्राला बापाच्या थडग्यावर केसांची बट सापडते, तिच्या केसांसारखीच. पावलांचे ठसेही तिच्या पावलांशी जुळतात. शेवटी तिनेच विणलेलं कापड भाऊ दाखवतो. ओळख पटली.

युरिपिडीसची इलेक्ट्रा गरीब शेतकऱ्याच्या घरात दिलेली आहे. म्हातारा सेवक तिला याच तीन खुणा सांगतो आणि ती त्याला उडवून लावते. पुरुषाचे केस बाईच्या केसांशी जुळतील होय? त्याचं पाऊल माझ्याएवढंच असेल? आणि लहानपणीचं कापड काय अंगाबरोबर वाढत गेलं? मी हे वाचून हसले, मग चमकले. हा माणूस भर नाटकात आपल्या थोर पूर्वसुरीची फिरकी घेतोय! त्याच्याकडे ओळख पटते ती भुवईजवळच्या जुन्या व्रणावरून.

आणि सोफोक्लीस? त्याच्याकडे केसांची बट सापडते ती धाकट्या बहिणीला, पण इलेक्ट्रा विश्वासच ठेवत नाही, कारण भाऊ मेल्याची खोटी बातमी तिने आत्ताच ऐकलीय. भावाच्या अस्थी समजून ती रिकामा कलश उराशी धरून रडते, आणि भाऊ समोर उभा असतो. माझं मत विचाराल तर रंगमंचावर याच्या जवळपास जाणारं फार थोडं आहे. हा उतारा मनात वाचू नका, मोठ्याने वाचा.

इंग्रजी अनुवाद जड जात असतील तर सुरुवात पुलंच्या 'राजा ओयदिपौस'पासून, म्हणजे सोफोक्लीसच्याच एका नाटकाच्या मराठी रूपापासून करा. अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदांनी मराठीत आणलंय, पण निदान तीन-चार नाटकं पोटात गेल्याशिवाय त्याला हात लावू नका. शोकांतिकेचा नायक आपल्याच चुकीने कोसळतो असं तो म्हणतो; मी ते आधी वाचलं आणि वर्षभर प्रत्येक नायकाची 'चूक' शोधत बसले.

अ‍ॅरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराचं 'बेडूक' (इ.स.पू. 405) मात्र शेवटी ठेवा. त्यात नाटकाचा देव डायोनिसस नाटककार परत आणायला पाताळात उतरतो, आणि तिथे एस्किलस व युरिपिडीसच्या ओळी चक्क तराजूत तोलल्या जातात. एस्किलस आपल्या ओळीत अख्खी नदी घालतो. साहजिकच पारडं भिजून खाली जातं.