समुद्राचं पाणी आणि शिंपले वापरून मरीन टँक सायकल कसा करायचा

कोकणात किंवा मुंबईच्या आसपास राहत असाल तर मरीन टँकसाठी (समुद्री माशांच्या टाकीसाठी) समुद्राचं पाणी सहज मिळतं, पण टँक सायकल करणारे, म्हणजे माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया पाण्यात फार कमी असतात, ते दगड, वाळू, शिंपल्यांना चिकटून राहतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतलं आणि टँक तयार झाला असं होत नाही.

पाणी नोव्हेंबर ते मेमधे आणा, पावसाळ्यात खारटपणा उतरतो आणि गढूळपणाही असतो. खाडीचं तोंड, जेटी, बंदर टाळा, खडकाळ किनाऱ्यावर पूर्ण भरती असताना फूड ग्रेड कॅनमधे भरा. घरी कापडातून गाळून रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ च्या आसपास येते का बघा.

आता बॅक्टेरिया. प्रवाळाला हात लावू नका, मेलेला तुकडाही नको, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार टणक प्रवाळ संरक्षित आहेत आणि आपल्या किनाऱ्यावर ते आधीच कमी उरलेत. त्यापेक्षा ओहोटीला कालवांचे, तिसऱ्यांचे रिकामे शिंपले मूठ-दोन मूठ उचला आणि समुद्राच्याच पाण्यात बुडवून आणा, वाळले की त्यावरचे बॅक्टेरिया मरतात. प्रत्येक शिंपला नाकाशी धरा, कुजकट वास आला तर आत मांस चिकटलंय, तो तिथेच सोडा. जांभा दगड नको, त्यात लोह भरपूर असतं. बाकी टँकमधे बाजारातली कोरडी अॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू आणि कोरडा रॉक टाका.

पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू, लाईट बंद, तापमान २५ ते २८. शिंपल्यावरचे बारीक जीव मरतात आणि अमोनिया चढतो, तेच या बॅक्टेरियांचं खाणं. दिवसाआड टेस्ट करा, अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) फार वर गेला तर थोडं पाणी बदला. मग नायट्राइट चढतो, तो चढलेला असेपर्यंत नायट्रेटचं रीडिंग फसवं येतं, त्यावर विसंबू नका. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच घाला कारण मीठ उडत नाही.

साधारण ३ ते ६ आठवडे लागतात, शिंपल्यांमुळे लवकरही होतं, पण कॅलेंडर नाही, टेस्ट किट बघा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की २ पीपीएम अमोनिया मुद्दाम घाला, २४ तासांत दोन्ही परत शून्यावर आले तरच सायकल झाली. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट उतरवा आणि एकच छोटा क्लाउनफिश सोडा, पुढचा मासा दोन आठवड्यांनी.