जुनी टू-स्ट्रोक चेतक सुरू होत नाही? कार्बोरेटरला हात लावायच्या आधी प्लग काढा

इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत जिन्याखाली किंवा मागच्या अंगणात अजूनही एखादी बजाजची चेतक स्कूटर उभी दिसते. वडिलांची म्हणून ठेवलेली, विकायची इच्छा नसलेली, आणि वर्षातून दोन-चारदा बाहेर काढायची म्हटली की हमखास रुसणारी. अशा वेळी बहुतेक जण एकच करतात: दमेपर्यंत किक मारायची, मग मिस्त्रीला बोलवायचं, आणि तो आल्या आल्या कार्बोरेटर खोलतो. बऱ्याचदा दोष तिथे नसतोच. या इंजिनाला सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात: वेळेवर करंट, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि पुरेसं कॉम्प्रेशन. यातलं काय नाही हे प्लग पाच मिनिटांत सांगतो, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

हे सगळं किकच्या, टू-स्ट्रोक, १५० सीसी वर्गातल्या चेतक आणि बजाजच्याच सुपरबद्दल आहे. एलएमएल या दुसऱ्या कंपनीच्या स्कूटरमध्ये इंजिनात पेट्रोल शिरायची रचना वेगळी असली, तरी तपासायचा क्रम तोच.

आधी किक मारण्याची पद्धत बघा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. गार इंजिन असेल तर पेट्रोलचा कॉक चालू करून अर्धा मिनिट थांबा, चोक पूर्ण ओढा आणि रेस अजिबात न देता दोन-तीन दमदार किका मारा. चोक ओढून वर रेस देणं ही या गाडीवरची सगळ्यात मोठी चूक. तिच्या चोकला स्वतःची वेगळी वाट असते, आणि थ्रॉटल बंद असतानाच त्या वाटेतून जास्तीचं पेट्रोल खेचलं जातं. रेस दिली की ती ओढ संपते आणि चोक नावालाच उरतो. इंजिन गरम असेल तर उलट: चोक बंद आणि रेस थोडीशी. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातली सकाळ चांगलीच गार असते, तेव्हा चोक लागणारच. मे महिन्यातल्या दुपारी तोच चोक ओढलात तर पेट्रोल ओव्हर होऊन बसेल.

एवढं करूनही पाच-सहा किकांत गाडी लागली नाही, तर थांबा. आता प्लग काढायचा.

प्लगला २१ मिमीचा पाना लागतो. इंजिनाच्या बाजूचं पॅनल उघडा, कॅप ओढून काढा, प्लगच्या भोवतीची माती फुंकून टाका आणि मग प्लग सोडवा. ती माती आत पडली तर सिलिंडरला चरे पडतात. बाहेर आलेल्या प्लगकडे नीट बघा.

टोक कोरडं ठणठणीत असेल तर आत पेट्रोल पोचतच नाही. करंट नंतर बघू, आधी टाकी ते कार्बोरेटर हा रस्ता तपासा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, किंवा ते ओव्हर झालंय. काळं आणि तेलकट असेल तर मिश्रणात ऑइल जास्त आहे किंवा सील गळतंय. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक खास प्रकार होतो: दोन टोकांच्या मध्ये कार्बनचा केसासारखा बारीक धागा अडकतो आणि करंट उडी मारण्याऐवजी त्या धाग्यातूनच निघून जातो. नुसत्या नजरेला तो चटकन दिसत नाही, प्लग उजेडासमोर धरावा लागतो. नखाने काढला की गाडी पहिल्या किकला लागते.

दोन टोकांतलं अंतर ०.६ मिमी हवं. फिलर गेज नसेल तर लोखंड कापायच्या हॅक्सॉचं साधं पातं साधारण तेवढ्याच जाडीचं असतं; ते अलगद अडकून सरकलं की अंतर बरोबर. प्लग बदलायचाच असेल तर छोट्या आट्याचाच घ्या. लांब आट्याचा प्लग पिस्टनला लागतो, आणि मग प्रश्न प्लगचा राहत नाही.

करंट

प्लग साफ करून कॅपमध्ये बसवा, त्याचं लोखंडी अंग सिलिंडर हेडच्या धातूच्या पट्ट्यांना (फिनना) टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून तो लांब ठेवा, कारण त्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि तो ठिणगीने पेटू शकतो. निळसर, 'चट' आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक किंवा एक आड एक किकला येणारी ठिणगी हवेत दिसली, तरी सिलिंडरातल्या दाबाखाली ती पडेलच याचा भरवसा नाही.

ठिणगी नसेल तर सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून सुरू करा. दुसरा प्लग लावून बघा. मग कॅप: ती वायरवर आट्यांनी बसलेली असते, फिरवून काढा. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर पाच मिमी कापून नवं टोक करा आणि कॅप परत घट्ट फिरवा.

यानंतर चावी. मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच करंट बनवणाऱ्या गाडीत चावी करंट देत नाही. 'बंद' करताना ती करंट बॉडीला उतरवते, एवढंच तिचं काम. त्यामुळे स्विचमध्ये पाणी गेलं किंवा हँडलमधली वायर सोलून बॉडीला टेकली, तर चावी चालू असूनही इंजिनाच्या लेखी ती बंदच राहते. पावसाळ्यात किंवा गाडी पाइपने धुतल्यावर 'कालपर्यंत चालत होती' ही तक्रार येते ती बहुधा यामुळेच. इंजिनाजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये ही बंद करणारी वायर सुटी करा आणि किक मारा. ठिणगी आली तर दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये, इंजिन निर्दोष.

तरीही करंट नसेल तर तुमची गाडी पॉइंटची आहे की इलेक्ट्रॉनिक इग्निशनची, ते बघा. जुन्या चेतकमध्ये पॉइंट असतात, म्हणजे उघडझाप करून नेमक्या क्षणी करंट तोडणारी दोन तोंडं. मॅग्नेटच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकाच्या) तोंडावर खिडकी असते, तिच्यातून ते दिसतात. मॅग्नेट हाताने फिरवून पॉइंट सगळ्यात जास्त उघडले की अंतर मोजा; ०.४ मिमीच्या आसपास हवं. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पॉइंटच्या तोंडावर गंजाचा किंवा तेलाचा पातळ थर बसतो आणि करंट बंद होतो. अगदी बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, नंतर कोरं व्हिजिटिंग कार्ड दोन तोंडांच्या मध्ये घालून ओढा. कार्ड काळं येतंय तोवर ओढत राहा. हा शेवटचा भाग लोक टाळतात, आणि पेपरची भुकटीच आत राहते. पॉइंटवर तेल कधी सोडायचं नाही. कॅमला घासणाऱ्या फेल्टच्या तुकड्याला ग्रीसचा एक ठिपका पुरे. पॉइंटचं अंतर बदललं की टायमिंगही सरकतं, म्हणून अंतर ठीक असताना उगाच स्क्रू फिरवू नका.

गार असताना सुरू होते, दहा मिनिटांनी फटफट करत बंद पडते आणि पूर्ण गार झाल्यावरच परत लागते, अशी गाडी असेल तर कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या छोट्या डबीवर संशय घ्या. पॉइंटमध्ये मोठी निळसर ठिणगी उडत असेल तर खात्रीच. इलेक्ट्रॉनिक गाडीत हेच लक्षण सीडीआय युनिट (पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा आतल्या पिकअप कॉइलचं असू शकतं. सीडीआयच्या गाडीत प्लग बॉडीला न टेकवता, वायर हवेत ठेवून किक मारू नका, युनिट जळतं.

करंट चांगला आहे, पण किक उलटी मारते किंवा सायलेन्सरमधून फट्कन बार निघतो? मग मॅग्नेटची अर्धचंद्राकृती चावी तुटून मॅग्नेट जागचा सरकला असेल. त्याला मॅग्नेट पुलर लागतो. हातोडी मारून काढू नका.

पेट्रोल

प्लग कोरडा असेल तर कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून काचेच्या बाटलीत सोडा आणि कॉक चालू करा. धार सलग आणि जोरात पडली पाहिजे. सुरुवातीला चांगली पडून अर्ध्या मिनिटात मंदावली तर टाकीचं झाकण उघडा. धार पुन्हा वाढली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, टाचणीने मोकळं करा. झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉकची जाळी गंजाने भरली आहे. त्यासाठी टाकी उतरवावी लागते. पाइप बदलाल तेव्हा जुन्याइतकाच लांब कापा. लांब पाइप टाकीखाली खोल वाकतो आणि हवा धरून ठेवतो.

गाडी कलवून किक मारायची जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात तथ्य आहे: टाकीत पेट्रोल कमी असताना गाडी इंजिनाच्या बाजूला झुकवली की कार्बोरेटर खाली जातो आणि पेट्रोल पोचायला सोपं जातं. पण टाकी भरलेली असतानाही रोज सकाळी कलवावी लागत असेल तर वरचं भोक किंवा जाळी तपासायचीच.

बाटलीतलं पेट्रोल दहा मिनिटं तसंच ठेवा. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धी रिकामी टाकी उभी राहिली तर तळाशी वेगळा थर किंवा थेंब जमलेले दिसतात. ते पेट्रोल फेकायचंच. त्यात वरून ताजं पेट्रोल ओतून काही साधत नाही, कारण कॉक तळातूनच ओढतो. जुने रबरी पाइप आणि वॉशरही या पेट्रोलने फुगतात किंवा भुरभुरीत होतात. पाइप बोटाने दाबून बघा, चिकट लागला तर बदला.

ताजं पेट्रोल भरताना लिटरला २० मिली टू-टी ऑइल, म्हणजे पाच लिटरला १००. 'इंजिनाला बरं' म्हणून जास्त ओतणाऱ्यांच्याच गाडीचे प्लग काळे होतात. कमी ओतलंत तर मात्र पिस्टन जाम होईल, तिथे कंजुषी नको. महिनाभर उभ्या गाडीत ऑइल खाली बसतं, म्हणून किक मारायच्या आधी कॉक बंद ठेवून गाडी दोन्ही बाजूंना चांगली हलवा.

धार चांगली आणि प्लग तरीही कोरडा, तेव्हा कुठे कार्बोरेटर. वरचा डबा, एअर फिल्टर, मग पाइप येतो तिथल्या झाकणाखालची बारीक जाळी. कचरा बहुधा इथेच सापडतो. जेट काढून हवेच्या प्रेशरने साफ करा. तार घालू नका, पितळी भोक मोठं होतं आणि मग ॲव्हरेजची तक्रार सुरू होते. आयडलचा जेट सगळ्यात बारीक, त्यामुळे बुजतोही तोच आधी. फ्लोटच्या वाटीत तपकिरी, चिकट थर दिसला तर ते सुकलेलं पेट्रोल-ऑइल आहे, थिनरने निघतं. परत बसवताना खालचं पॅकिंग नवं घाला आणि दोन्ही बोल्ट आलटून पालटून, बेताने आवळा. ताकद लावून आवळलेल्या कार्बोरेटरचा तळ वाकतो आणि तिथून हवा खेचली जाते.

प्लग ओला असेल तर कॉक बंद, चोक बंद, प्लग बाहेर ठेवूनच आठ-दहा किका मारा म्हणजे आतलं पेट्रोल निघून जाईल. मग सुका प्लग लावून, पूर्ण रेस देऊन किक. हे वारंवार होत असेल तर फ्लोटची नीडल झिजली आहे आणि रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरतंय. नीडल बदला, तोपर्यंत गाडी लावताना कॉक बंद करायची सवय ठेवा.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी नाही

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारा. अंगठा जोरात उडाला पाहिजे. नुसतीच हवा लागत असेल तर भोकातून अर्धा चमचा इंजिन ऑइल सोडून परत बघा: दाब वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर हेडचे नट किंवा पॅकिंग बघा. किक मोकळीच फिरते आणि इंजिन हलत नाही, तर दोष किकच्या गियरमध्ये. सायलेन्सर कार्बनने बुजला असला तरी गाडी एकदा भुकभुक करून बंद पडते; तो सैल करून किक मारा, लगेच कळेल.

राहता राहिले क्रँकचे ऑइल सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गियर ऑइल इंजिनात ओढलं जातं: धूर थांबत नाही आणि गियर ऑइलची पातळी घटत जाते. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर हवा शिरते, गरम गाडी लागत नाही आणि लागली तर आपोआप रेस वाढते. मॅग्नेटच्या बाजूचं सील मॅग्नेट आणि स्टेटर प्लेट काढून बदलता येतं, क्लचच्या बाजूचं मात्र इंजिन उघडल्याशिवाय नाही. दोन्ही सील एकदमच बदलून घ्या. सामान इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीच्या बाजारात शोधायला जाल तेव्हा जुना तुकडा खिशात असू द्या. पॉइंटच्या आणि इलेक्ट्रॉनिक गाडीचं सगळं सामान एकमेकांना चालत नाही, आणि दुकानदार आधी विचारतो तो हाच प्रश्न.