स्वाइन फ्लू: ताप आल्यावर पहिल्या दोन दिवसांत आपण जे चुकतो ते

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमच्याकडे ताप आला की ठरलेलं असतं, मेडिकलमधून पॅरासिटामॉलची पट्टी आणायची, चहासोबत एक गोळी गिळायची आणि फर्स्ट शिफ्ट गाठायची. मी पण दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात हेच केलं, कारण दांडी मारली की हजेरी बोनस गेला. दुपारपर्यंत ताप उतरला, वाटलं सुटलो, कॅन्टीनला सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवलो. चौथ्या दिवशी बाजूच्या मशीनवरचे दोघं घरी आणि इकडे आई अंथरुणात, तिला शुगर आहे, आणि रिपोर्ट आला एच१एन१, म्हणजेच स्वाइन फ्लू.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. गोळीने फक्त ताप उतरतो, व्हायरस तिथेच असतो. लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून ते नंतर 5 ते 7 दिवस माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, लहान पोरं तर त्याहून जास्त दिवस. म्हणून गोळी न घेता सलग 24 तास ताप नसेल तरच कामावर जा, पोरांना शाळेत पाठवा, नाहीतर अख्खी रिक्षा आजारी पडते.

दुसरी चूक म्हणजे उरलेलं अँटिबायोटिक काढून खाणं. ते बॅक्टेरियावर चालतं, फ्लूच्या व्हायरसवर शून्य. फ्लूचं औषध वेगळं, ऑसेल्टामिविर, लोक टॅमीफ्लू म्हणतात ते, आणि ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आपण ते 48 तास काढ्यात आणि "बघू उद्या" मध्ये घालवतो. पण म्हणून प्रत्येक सर्दीला टॅमीफ्लू मागत पण फिरू नका, साधा ताप-खोकला असेल तर बहुतेकांना टेस्ट पण लागत नाही, घरी आराम पुरतो. मात्र गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, 65 च्या पुढचं माणूस, शुगर, दमा, हार्ट किंवा किडनीचा त्रास असलेलं कुणी असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टर, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. आणि पोरांना तापासाठी ॲस्पिरिन अजिबात देऊ नका.

आता रुमाल. 2009 ला पुण्यात देशातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू झाला तेव्हा सगळीकडे कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत फिरायचे लोक, अजूनही कुणीतरी व्हॉट्सॲपवर ते पाठवतंच. नाक मोकळं वाटतं एवढंच, लागण काही थांबत नाही. उलट त्याच रुमालात शिंकायचं, त्यानेच घाम पुसायचा आणि मग त्याच हाताने पोराला घास भरवायचा, हे जास्त डेंजर. रुमाल नसेल तर कोपरात शिंका. हात साबणाने 20 सेकंद चोळा, नुसते नळाखाली धरून काढू नका. स्टीलच्या दांड्यावर, मोबाईलवर हा व्हायरस 24 ते 48 तास टिकू शकतो, म्हणजे सीबीएसला, आपल्या मध्यवर्ती बसस्टँडवर, बसचा दांडा धरलेला हात थेट नाकाला लावू नका, बस्स. मास्क हनुवटीवर ठेवायचा असेल तर घालूच नका, सरळ सांगतो.

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात पेशंटला वेगळी खोली कुठून देणार, मान्य आहे, पण खिडकी तरी उघडी ठेवा. जानेवारीत आपल्याकडे थंडी कडाक्याची, सगळं बंद करून एकाच खोलीत सहाजण झोपतात, आणि फ्लूची एक लाट नेमकी जानेवारी ते मार्चमध्ये येते, दुसरी पावसाळ्यात. पेशंटची उशी-टॉवेल वेगळा, आणि त्याला भेटायला येणाऱ्या काका-मावशींना फोनवरच थांबवा, राग आला तरी चालेल.

लसीबद्दल पण गोंधळ आहे. एकदा घेतली म्हणजे झालं असं नाही, व्हायरस बदलतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते आणि परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे शेजारी कुणी आजारी पडल्यावर धावण्यात फार अर्थ नाही. आईला आता जूनच्या आधीच देतो. बाकी डुकराचं मटण नीट शिजवून खाल्ल्याने हा आजार होत नाही, तो माणसाकडून माणसाला होतो.

आणि कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तर सेल बदलून ठेवा. ऑक्सिजनचा आकडा 94 च्या खाली, धाप, छातीत दुखणं, ओठ-नखं निळसर, पेशंट गुंगीत, थुंकीत रक्त, किंवा ताप उतरून परत चढला, यातलं काही एक दिसलं तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, आणि दारातच सांगा की फ्लूचा संशय आहे.