मुनाकातांच्या दहा शिष्यांपासून सुरुवात करा

जपानी वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेलं चित्र, म्हटलं की बहुतेक विद्यार्थी होकुसाई या चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेकडे वळतात. आधुनिक मुद्राचित्रांतल्या बुद्ध-बोधिसत्त्वांवर काम करायचं असेल, तर मी शिको मुनाकाता (१९०३–१९७५) यांचं नाव आधी घेईन. १९३९ सालची त्यांची दोन बोधिसत्त्व आणि दहा महाशिष्यांची मालिका घ्या आणि घाई न करता तिच्यावरच थांबा.

शारिपुत्र, उपाली, आनंद, राहुल ही नावं आपल्या ओळखीची, हा मोठा आधार. पण जपून. ‘पूर्ण’ वाचलं की मन सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याकडे धावतं. दहांतला पूर्ण मैत्रायणीपुत्र, तो वेगळा. मूर्तिशास्त्रही इथे फार पुरत नाही. मंजुश्री आणि समंतभद्र हे मालिकेतले दोन बोधिसत्त्व, पण मंजुश्रीचा सिंह, समंतभद्राचा हत्ती शोधत बसू नका. साऱ्या आकृती उभ्या, फळीच्या कडांना भिडलेल्या. जेवढं लाकूड, तेवढा शिष्य. या चित्रांची ताकद मला तिथेच दिसते.

म्हणून सोबत स्वतः एक आकृती कोराच. उकियो-ए या जुन्या जपानी छापील चित्रांच्या परंपरेत चित्रकार, कोरणारा आणि छापणारा वेगवेगळे असत. विसाव्या शतकातल्या ‘सोसाकु हांगा’ चळवळीत तिन्ही कामं एकाच्या हाती आली. मुनाकातांची नजर अधू होती. चेहरा लाकडाला जवळजवळ टेकवून ते झपाट्याने कोरत. चीवरातून गेलेली पांढरी रेघ म्हणजे काढून टाकलेलं लाकूड, ते परत भरता येत नाही. कोरणी हातात आल्यावर त्यांच्या रेषेतला निर्धार मला खरा उमगला. नुसत्या छापील पुस्तकांतून तो माझ्यापर्यंत पोचला नव्हता.

प्रबंधात सालं नीट तपासा. दोन्ही बोधिसत्त्वांचे ठोकळे युद्धात नष्ट झाले आणि मुनाकातांनी ते १९४८ मध्ये नव्याने कोरले, शिष्यांचे वाचले. त्यामुळे अख्ख्या संचावर नुसतं ‘१९३९’ लिहिणं अपुरं ठरतं. १९५६ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना मुद्राचित्रणाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

पुढे त्यांचे मार्गदर्शक उन्इची हिरात्सुका आणि शिष्य किहेई सासाजिमा पाहा. सासाजिमांचा ज्वाळांतला फुदो, म्हणजे आपला अचल ही बौद्ध रक्षक देवता, चुकवू नका.

मूळ ठसे पाहायला तोक्योतलं कोमाबाचं लोककला संग्रहालय गाठा. आओमोरीतलं मुनाकाता स्मारक संग्रहालय २०२४ मध्ये बंद झालं, जुन्या प्रवास-मार्गदर्शिकांवर विसंबू नका. कागदावरची कामं कायम भिंतीवर नसतात. तिकीट काढण्याआधी काय मांडलंय ते विचारून घ्या.